हात पाठीमागं

वर्गात शिरले की ते आधी आपला उजवा हात पाठीमागं नेत आणि डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट धरत. तास संपेपर्यंत सोडत नसत. पोलीस चोराला धरून नेतो तसे ते स्वतःलाच धरून बाकांच्या रांगांतून फिरत. एखादं पोरगं कागद वर करून म्हणायचं, "सर, घोडा येईना, तुमी काढून द्या की." मग ते थांबत, वाकून कागद नीट बघत आणि म्हणत, "माझे हात पाठीमागं हायत. तुझं तू बघ."

काही न शिकवता वर त्याचं तत्त्वज्ञान सांगणारे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. मलाही हे त्यातलेच वाटले होते. मी पण ड्रॉइंगचीच बाई, हुलसूरच्या एका शाळेतली. ते संतपूरकडच्या एका संस्थेच्या मराठी शाळेत होते. कर्नाटकातली मराठी शाळा म्हटल्यावर तिच्याकडं कोण बघतंय, आणि त्यात ड्रॉइंगचा तास. गणिताचं राहिलं, घे ड्रॉइंगचा तास. पाहुणे आले, ड्रॉइंगच्या बाईंना रांगोळीला बसवा. शाळेच्या पाण्याच्या टाकीवर 'पिण्याचे पाणी' लिहायचं काम पण आमचंच.

आमची गाठ पडली गुलबर्ग्याला, एका प्रशिक्षणात. सरकारी कागदावर ते आता कलबुर्गी आहे, पण कंडक्टरला आम्ही अजून गुलबर्गाच सांगतो. शिकवायला आलेल्या मॅडमनी आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करायला लावलं होतं आणि जवळच्या शाळेतली पोरं नमुन्याला आणून बसवली होती. माझ्या वाटच्या पोराचं छप्पर वाकडं झालं. मी ते उचकटून सरळ चिकटवायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "अक्का, पोरगं हाय की अजून तिथं."

वळून बघितलं तर हे उभे, हात पाठीमागं बांधून.

मी म्हटलं, "हाय की. कामून?"

"न्हाई, घर तुमी बांधायलाव म्हणून म्हणलं. पोरगं कुठं गेलं का काय, असं वाटलं."

मला राग आला. खरं सांगते, आठवलं की अजून येतो. ओळख ना पाळख आणि हा माणूस चार लोकांत मला शहाणपण शिकवतो म्हणजे काय.

आता तुम्ही आमच्या धंद्यातले नसाल तर एक गोष्ट सांगायला पाहिजे. प्रदर्शनात, स्पर्धेत पोरांची म्हणून जी चित्रं तुम्ही बघता, त्यांच्यावर आमचा हात फिरलेला असतो. पोरगं काढतं, मग आम्ही कडा काळ्या करतो, डोळे नीट करतो, आकाश भरतो. त्याला आम्ही 'हात फिरवणं' म्हणतो. बीदर जिल्ह्यात आणि गुलबर्गा जिल्ह्यात सगळे फिरवतात. मीही फिरवते, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. परीक्षकाला ते ठाऊक असतं, मुख्याध्यापकाला ठाऊक असतं, पोराच्या आईबापालाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं फक्त पोराला, आणि तेही सातवी-आठवीत शहाणं होतं.

हे एकटे फिरवत नसत. त्यामुळं त्यांच्या शाळेची चित्रं दर वर्षी जशी जात तशी परत येत. घोड्याला पाच पाय असले तर पाचही पाय तालुक्यापर्यंत जाऊन येत.

आम्हा ड्रॉइंगवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रूप आहे. तिथं दर सोमवारी कुणीतरी 'आठवड्याचा चित्रकार' टाकायचा. एखादा परदेशी दाढीवाला, खाली चार ओळी, आणि त्याच्यावरून वर्गात काय उपक्रम घ्यायचा ते. मग आठवडाभर सगळ्या तालुक्यांतली पोरं त्या दाढीवाल्यासारखे ठिपके देत बसायची. बाकी दिवशी रडगाणं. रंग नाहीत, कागद नाहीत, एका वर्गात पोरं कोंबलेली, पालक विचारतात ह्याचे मार्क धरतात का. अशात एका सोमवारी ह्यांची पाळी आली. त्यांनी शेतातल्या पाच दगडांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आठवड्याचा चित्रकार : माझी आत्या.'

येळवस आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गावात माणूस उरत नाही, सगळे शेतात जेवायला. कडब्याची कोप करायची, आत पाच दगड मांडायचे पांडव म्हणून, त्यांना चुना लावायचा आणि वर कावेचे लाल ठिपके. ह्यांनी लिहिलं होतं, 'आत्या ठिपके बोटानं द्यायची. ओघळला तर ओघळू द्यायची, पुसायची नाही. उपक्रम : पोरांना चुना आणि काव द्यावी आणि आपण बाजूला व्हावं.'

ग्रूपवर दोन अंगठे आले, एक हसरं तोंड आलं. एका मॅडमनी लिहिलं, 'सर, चुन्याने मुलांचे हात भाजतात, पालक तक्रार करतील.' मग कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात टाकलं आणि आत्या वर सरकून गेली.

त्या दिवशी मी त्यांना फोन केला. का केला ते नाही सांगता येत. म्हटलं, "सर, आत्या आवडली."

ते म्हणाले, "तुमी एकट्याच बोललाव, अक्का." मग म्हणाले, "त्या काडीच्या घराचा राग गेला म्हणायचा."

"गेला न्हाई," मी म्हटलं. ते खूप हसले.

तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. बहुतेक प्रोजेक्टवरून. आता प्रत्येक विषयाला प्रोजेक्ट असतो आणि प्रत्येक प्रोजेक्ट दुकानात मिळतो. किल्ला मिळतो, ज्वालामुखी मिळतो, सूर्यमाला मिळते. आई नाहीतर दुकानदार, दोघांपैकी एकजण करून देतो. ह्यांच्याकडं एका पोरानं थर्माकोलचा किल्ला आणला. ह्यांनी तो हात पाठीमागं ठेवून चारी बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "झकास हाय. कोणत्या दुकानाचा?" पोरानं खरं सांगितलं. "मग खाली दुकानदाराचं नाव लिव्ह. त्याला चांगले मार्क देऊ." पोराचा बाप दुसऱ्या दिवशी भांडायला आला. ह्यांनी त्यालाच बाकावर बसवलं आणि कागद दिला. बाप थोडा वेळ बसला आणि शिव्या देत निघून गेला. गोष्ट सांगताना ते म्हणाले, "पण अक्का, जाताना बैल काढून गेला वो. शिंगं लई चांगली काढली."

असा माणूस. आवडायला लागला होता मला, सांगायला कशाची लाज.

मग ती पोरगी आली. सातवीतली. आई हैदराबादला बांधकामावर, पोरगी मामाकडं. आई वर्षातून एक-दोनदा यायची, त्यातली एक खेप येळवशीची ठरलेली. त्या वर्षी स्पर्धेचा विषय होता 'आमचा सण'. सगळ्या पोरांनी दिवाळीचे दिवे काढले, ही येळवस काढत होती. ह्यांचा मला फोन आला, "अक्का, या. बघायला या." मी दोन गाड्या बदलून गेले.

कागद जवळजवळ सगळा काळा होता. तिनं शेतातली काळी माती आणून डिंकात कालवून फासली होती. मधोमध एक बाई पाठमोरी. डोक्यावर जेवणाची पाटी, आणि ती पाटी थेट कागदाच्या वरच्या कडेला टेकलेली, त्यामुळं आकाशाला जागाच नव्हती. हिरवं लुगडं, त्याला ठिगळ, टाचांच्या भेगा एकेक करून काढलेल्या. लांब कोपऱ्यात बोटभर कोप आणि पाच पांढरे ठिपके. बास.

मी पोरीला विचारलं, "तुझी आई हाय का गं? मग तोंड कामून काढलं न्हाईस?"

ती म्हणाली, "दिसतच न्हवतं की बाई. मी मागनं चालायले व्हते."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनगट इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मला त्या वेळी त्यांचा हेवा वाटला. इतकी वर्षं मी शिकवते, माझ्या वर्गात असं चित्र झालं नाही. झालं असेल तर मी त्याच्यावर आकाश भरलं असेल.

तालुक्याला परीक्षक आले ते कानडी. त्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "मुख एल्लिदे?" म्हणाले. तोंड कुठं आहे. ह्यांनी सांगितलं, पोरीला दिसलं नाही म्हणून नाही काढलं. परीक्षक हसले. माणूस वाईट नव्हता, त्यानं चित्र पुढं गुलबर्ग्याला पाठवलं. पण जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थोडं पूर्ण करून आणा, मास्तर. नंबर येईल."

ही गोष्ट संस्थेच्या सेक्रेटरीच्या कानावर गेली. सेक्रेटरी साहेब म्हणजे ज्यांच्या मर्जीवर ह्यांची नोकरी वर्षावर्षानं पुढं ढकलली जायची ते. कायम कधी केलंच नव्हतं. साहेबांनी बोलावून सांगितलं, औंदा शिल्ड आलं तर ड्रॉइंग राहील. नाही आलं तर ती जागा कॉम्प्युटरला देणार. पोरांना ड्रॉइंगचा उपयोग काय, मास्तर, तुम्हीच सांगा.

ह्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "सर, एकदा फिरवा हात. सगळे फिरवतात. एकदा फिरवला तर काय आभाळ कोसळायलंय का?" मी आजही तेच म्हणेन. पोट कुणाला चुकलंय.

ते म्हणाले, "माझं जाऊ द्या वो. तास गेला तर ती पोरगी कुठं काढंल?"

गुलबर्ग्याच्या हॉलमध्ये मी सकाळी लवकर गेले, पोरांची चित्रं लावायला. हे आधीच आले होते. म्हणाले, "अक्का, ब्रश हाय का?" मला वाटलं चित्राखाली नाव लिहायचंय. माझ्या पेटीतला दिला, पेटीही तशीच उघडी ठेवली आणि पोरांना पाणी पाजायला गेले. परत आले तर ते चित्र भिंतीला टेकवून खाली बसले होते आणि रंगवत होते.

इतक्या वर्षांत त्यांनी काढलेली एक रेघ मी पाहिली नव्हती. कुणीच नव्हती पाहिली. ग्रूपवर लोक मागून म्हणायचे, ह्यांना येतच नसेल, म्हणून हात पाठीमागं. तर सांगते, त्या माणसाचा हात असा होता की आम्ही सगळ्यांनी ब्रश ठेवून द्यावेत. पांढऱ्याचा एक जाड थर दिला आणि त्याच्यावर बघता बघता ती बाई वळली. कपाळ आलं, कुंकू आलं, डोळे आले. ओठांच्या कोपऱ्याला जरासं हसू. दोन्ही बाजूंना हिरवी ज्वारी उभी राहिली. वरची पाटी थोडी खाली दाबली आणि निळ्या आकाशाची पट्टी बसवली. टाचांच्या जागी जोडवी घातलेली पावलं आली. मी मागं उभी होते, ते एकदाही वळले नाहीत. झालं तेव्हा ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि माझ्या पेटीत जागच्या जागी ठेवला.

"आभाळ कोसळलं न्हाई, अक्का," म्हणाले.

पहिला नंबर आला. येणारच होता. दुपारी पोरीला घेऊन तिचा मामा आला. नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, सगळ्यांना चित्रासमोर फोटोला उभं केलं. पोरगी चित्राकडं बघत राहिली. मग ह्यांच्या सदऱ्याला धरून तिनं हळूच विचारलं. मी शेजारी होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"सर, ही बाई कोण हाय?"

मामाच म्हणाला, "अगं, तुझी आईच की ती. सरांनी किती छान केलीय बघ." पोरीनं मान हलवली. व्हय म्हणून हलवली की नाही म्हणून, मला कळलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी कसल्याशा सरकारी कामाला ते आणि मी दोघंही बीदरला होतो. काम संपल्यावर स्टँडवर चहा घेतला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला होता. मी विचारलं, पोरगी कशी आहे.

"चांगली हाय. तिला म्हणलं, ते चित्र जाऊ दे, तुला दिसलं तसं परत काढ. नवा कागद दिला. माती आणून दिली."

"मग?"

"माती घेतली न्हाई तिनं. रंग मागितले. वर निळं आभाळ. हिकडं तिकडं ज्वारी. मधी बाई, तोंड आपल्याकडं, कुंकू, हसायलीय." ते कपात बघत बोलत होते. "मी हात पाठीमागं धरूनच उभा व्हतो, अक्का. शप्पत सांगतो. तरीबी माझ्याच हातानं काढलं तिनं."

मी म्हटलं, "सर, पोरं शिकतात, विसरतात. पुढच्या येळवशीला परत मागनं चालंल ती."

"मी ईचारलं तिला, आईचं तोंड कसं दिसलं गं तुला? तर म्हणली, सर, असंच काढायचं असतंय न्हवं?"

त्यांची गाडी लागली होती. कप अर्धा ठेवून ते उठले आणि गेले.

शिल्ड शाळेच्या ऑफिसात लागलं आणि ते चित्र सेक्रेटरी साहेबांच्या खुर्चीमागं. जूनमध्ये ड्रॉइंगची जागा कॉम्प्युटरला दिली. आता नंबर तर आलाच आहे, मास्तर, म्हणाले म्हणे. मला हे ऐकून जी शिवी आली ती इथं लिहिता येणार नाही, पण मी ती पूर्ण दिली, स्टाफरूममध्ये, मोठ्यानं. हे भांडले नाहीत. ग्रूपमधून बाहेर पडले आणि गुलबर्ग्याला मुलाकडं राहायला गेले. मी फोन केला की बोलायचे, पावसाचं, तुरीचं. चित्राचं काढलं की म्हणायचे, "जाऊ द्या, अक्का." ती पोरगी आठवी करून आईबरोबर हैदराबादला गेली. तिथं शाळेत घातली की कामाला, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

यंदा येळवशीच्या आधी ते गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. ग्रूपवर बातमी आली आणि ज्यांनी आत्याला दोन अंगठे दिले होते त्यांनी हात जोडले. 'कलेचा उपासक हरपला' असं एकानं लिहिलं. ग्रूप चालवणाऱ्या सरांचा मला फोन आला, "मॅडम, त्यांचा एखादा फोटो हाय का? श्रद्धांजलीला पाहिजे."

माझ्याकडं एकच होता, त्या दिवशीचा, हॉलमधला. मध्ये ते चित्र, शेजारी हे. कुणीतरी शिल्ड त्यांच्याकडं दिलं होतं, म्हणून त्यांचे दोन्ही हात पुढं आहेत. आणि त्यांच्या बाजूला ती पोरगी. सगळे कॅमेऱ्याकडं बघताहेत, ती एकटी वळून चित्राकडं बघतेय. तिची पाठ दिसते, दोन वेण्या, आणि फ्रॉकचं मागचं तुटलेलं बटन. मी तो फोटो तसाच पाठवला.

तासाभरात ग्रूपवर आला. भोवती झेंडूची चौकट, खाली समई, आणि आत फक्त हे, हातात शिल्ड धरलेले. मी लगेच फोन लावला.

"सर, पोरगी कुठं गेली?"

"कापली मॅडम," ते म्हणाले. "तिचं तोंडच दिसत न्हवतं."